तिळवणीचं लोणचं

त्या सकाळी सावळारामचा पाय चपलेत जाईना. ओटीवर बसून त्यानं आधी उजवा कोंबून पाहिला, मग डावा, आणि मग चपलेलाच शिव्या घातल्या. धसईच्या बाजारातली जुनी चप्पल, अंगठ्याचा खळगा पडलेली. ती रातोरात लहान व्हायचं काही कारण नव्हतं.

"बाबा, तुमाला पन सातवा लागला काय?" दारात उभ्या कुणालीनं विचारलं. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे स्वतःचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. घरची सून भाग्यश्री आतून खुदकन हसली. सावळारामही हसला. ताराबाई तेवढी हसली नाही. थापलेली भाकरी तव्यावर पडायची ती तिच्या हातातच राहिली.

पोटुशीचे पाय सुजतात, यात कुणाला नवल नव्हतं. गावातल्या बायका येऊन कुणालीचे पाय बघत, मुलगा होणार की मुलगी ते मनाला येईल तसं सांगत आणि चहा पिऊन जात. पण सावळाराम काही पोटुशी नव्हता.

ताराबाई पीठभरल्या हातानं ओटीवर आली, नवऱ्यापुढं उकिडवी बसली आणि त्याच्या घोट्यावर तिनं अंगठा दाबला. उचलला, आणि त्याच जागी बोट फिरवून पाहिलं. खड्डा तसाच होता. मऊ चिखलात बोट रुतवावं तसा.

"कुणाली, इकडं ये. पाय पुढं कर."

"माझं काय बघायचंय? रोजचंच हाय."

"कर बोलते ना!"

लेकीच्या पायालाही तसाच खड्डा पडला, आणि कातडी हाताला गरम लागली. गेल्या आठवड्यात सावळारामचं पोट बिघडलं होतं तेव्हा सगळ्यांनी खापर आंब्यांवर फोडलं होतं. तिनंही फोडलं होतं. आता तिच्या उजव्या तळहातातली एक जागा, कधीच बरी झालेली, उगाचच ठसठसायला लागली.

त्या जागी चैत्रात काटा मोडला होता.

ताराबाई ही काही मुळातली गरीब गाय नव्हे. सासू म्हणून घरात तिचा शब्द चाले आणि लोणच्याच्या बाबतीत तर अख्ख्या गावात चाले. तिच्या लोणच्यात दुकानची मोहरी पडत नसे. तिच्या सासूपासूनची रीत होती, लोणच्याला तिळवणच घ्यायची. पावसात रस्त्याच्या कडेनं ही रानमोहरी आपली आपण उगवते. गुडघ्याएवढं झाड, पिवळं चार पाकळ्यांचं फूल, वर तोंड करून उभ्या बारीक शेंगा, आणि सगळं अंग चिकट. हात लावला की बोटांना उग्र वास राहतो, साबणानंही जात नाही. कार्तिकात शेंगा वाळल्या की झाडं कापून पेंढ्या माळ्यावर ठेवायच्या, आणि चैत्रात डांबर तापलं की त्या भर दुपारी रस्त्याच्या कडेला पसरायच्या. ऊन आणि येणाऱ्या जाणाऱ्या टेम्पोंची चाकं, दोघं मिळून शेंगा फोडतात. मग खराट्यानं दाणा गोळा करायचा, पाखडायचा, निवडायचा. खळी कधीच गेली, त्यांच्यावर घरं उभी राहिली, तेव्हापासून अर्धा तालुका रस्त्यावरच मळणी करतो. एसटीचे ड्रायव्हर शिव्या देतात आणि त्यावरूनच गाडी घालतात.

निवडणं हे ताराबाईचं एकटीचं काम. त्याला ती कुणाला हात लावू देत नसे.

आणि ताराबाईला दिसत नव्हतं.

एकदम काही गेलं नव्हतं. आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं, मग माणसांचे चेहरे धुरात गेल्यासारखे झाले, आणि आता तर समोर कोण उभं आहे ते ती चालीवरून आणि आवाजावरून ओळखायची. घर पायाखालचं होतं, डबे हाताखालचे होते. सुईत दोरा ओवायची वेळ आली की तिचे हात नेमके पिठात असत. डोळ्याला सुरी लावायची तिला भीती होती, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. दिसत नाही म्हटलं की चूल सुनेकडं जाणार, आणि आपण ओटीच्या कोपऱ्यात बसून माश्या मारणार. हे तिला मरणाहून वाईट वाटत होतं. म्हणून तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं, असं तिला वाटत होतं.

यंदा तिनं पेंढ्या पसरल्या त्या रस्त्याखालच्या मोरीजवळच्या वळणावर. त्या कडेला पिवळा धोत्रा माजतो. राखाडी काटेरी पानं, पिवळंच फूल, काटेरीच बोंडं, आणि चैत्रात ती बोंडं वाळून तोंड उघडतात. आत काळे गोल दाणे, थेट मोहरीसारखे. पूर्वी डोळे होते तेव्हा ती त्या वळणाकडं फिरकत नसे. यंदा ते वळण आहे हेच तिला उमगलं नाही. खराट्यानं गोळा करताना तळहातात काटा घुसला तेव्हा ती मनाशी म्हणाली, बाभळीचा असेल. तिळवणीला काटा नसतो, हे तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? तरीही ती म्हणाली, बाभळीचा असेल.

घरी येऊन चाळताना बोटांना दाणा मोठा लागला. "यंदा दाणा भरलाय बघा," तिनं सगळ्यांना ऐकवलं. दाणा भरला म्हणून लोणचं जास्त घातलं. एक बरणी घरात, एक कुणालीच्या सासरी खर्डीला. घरातलं लोणचं बोटं चाटून खायचे ते सावळाराम आणि कुणालीच.

दुपारी बारकूची रिक्षा करून ती दोघांना घेऊन मुरबाडला गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिनं दोघांचे पाय दाबले, छाती तपासली, कुणालीच्या पोटाला यंत्र लावलं. मग खुर्ची पुढं ओढून विचारलं, "घरात तेल कुठलं वापरता?"

"शेंगदाण्याचं," सावळाराम म्हणाला.

"मोहरीचं नाही?"

"नाय बा."

"मोहरी कुठून आणता? सुटी घेता का? कधीकधी तिच्यात पिवळ्या धोत्र्याचं बी येतं, ते विषारी असतं. एकाच घरात दोघांचे पाय सुजले की विचारावं लागतं."

ताराबाईच्या घशाशी शब्द आला. तो बाहेर पडण्याआधीच सावळाराम हसला. "मॅडम, आमच्या घरात मोहरी विकतची येत नाय. आमची ही स्वतः आणते, स्वतः निवडते. हिच्या नजरेतून खडा सुटत नाय, तर धोत्रा काय सुटेल!"

तो हे कौतुकानं बोलला. आयुष्यात बायकोचं कौतुक करायला त्यानं नेमकी हीच घडी निवडली. डॉक्टरीण ताराबाईकडं वळली असावी, कारण आवाज समोरून आला. "तुम्हाला खात्री आहे ना, आजी?"

"हाय," ताराबाई म्हणाली.

तो शब्द तिनं आपल्याच कानांनी ऐकला आणि तिला स्वतःची किळस आली. पण तोंडातून गेला तो गेला. डॉक्टरणीनं मीठ कमी करायला सांगितलं, सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायला बोलावलं. "हिला दम लागला तर सकाळची वाट बघू नका," असंही बजावलं.

परतताना रिक्षात ताराबाईनं मनात सगळं जुळवून टाकलं. बरणी गुपचूप उकिरड्यात रिकामी करायची. विषच गेलं की सूज आपोआप उतरेल. खर्डीलाही काहीतरी सांगू, मीठ कमी पडलंय, टाकून द्या म्हणू. काटा बाभळीचाच असेल तर उगाच सगळ्या गावात शोभा कशाला? एवढं जुळवूनही जीव थाऱ्यावर येईना. शेजारी बसलेल्या कुणालीचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि तो सकाळच्यासारखा नव्हता.

घरी आल्याबरोबर तिनं बरणी पदराखाली घेतली आणि मागच्या दारानं निघाली. उकिरड्याशी पोचते तोच पाठीमागून भाग्यश्रीचा आवाज आला.

"आई, लोणचं कुठं नेता?"

"बुरा आलाय."

"सकाळीच तर मी काढलंय. बुरा नव्हता."

"तुला काय कळतं त्यातलं?" ताराबाई खेकसली. "मी बोलते ना बुरा आलाय!"

भाग्यश्री तिथून हलली नाही. ताराबाईला तिचा श्वास ऐकू येत होता, पण चेहरा दिसत नव्हता, आणि चेहरा दिसत नसला की माणसाशी खोटं बोलणंही जड जातं. तेवढ्यात ओटीवर कुणालीचा फोन वाजला, तिनं तो स्पीकरवर घेतला. खर्डीहून तिची सासू सकुबाई बोलत होती, मोठ्यानं, जशी ती नेहमीच बोले. मागच्या दारापर्यंत शब्द न् शब्द येत होता.

"तुझ्या आयशीला सांग, लोणचं एक नंबर झालंय! पोरं दुसऱ्या कालवणाला हात लावत नायत. धाकटा तर भाकरीला नुसतं लोणचंच फासून खातो. बरणी संपत आली, दुसरी पाठव बोलावं."

"सांगते," कुणाली म्हणाली. मग तिला पुढं काही बोलता येईना. ती ओटीच्या दोन पायऱ्या चढली होती, तेवढ्यानं तिला धाप लागली होती. "वयनी... पाणी दे जरा," ती म्हणाली, आणि मध्ये दोनदा थांबली.

उकिरड्यात टाकायची ती बरणी ताराबाईच्या हातातच राहिली. खर्डीच्या घरात तीन लहान पोरं होती. त्यांच्या पायांवर कुणी अंगठा दाबून बघितला असेल काय? कुणाच्या मनात तरी आलं असेल काय? ती वळली आणि घरात शिरली. इतकी वर्षं बिनचूक चाललेल्या त्या घरात तिला उंबऱ्याची ठेच लागली.

"फोन बंद करू नको!" ती ओरडली. "तिला सांग, लोणचं खाऊ नका. पोरांना देऊ नका. तोंडातला घास थुकायला सांग!"

"काय झालं गो आई?"

"सांग आधी!"

कुणालीनं सांगितलं. पलीकडं सकुबाईचा आवाज चढला, काय, का, कुणी सांगितलं, आणि मग फोन कुणीतरी बंद केला. सावळाराम खाटेवरून उठून बसला. सगळे ताराबाईच्या तोंडाकडं बघत असणार, हे तिला दिसत नसूनही कळत होतं.

"माझं डोळं गेलंत," ती म्हणाली. "दिसत नाय मला. कधीपासूनच. मोहरी मी अंदाजानं गोळा केली, मोरीपाशी. हाताला काटा लागला होता. तिळवणीला काटा नसतो." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "डॉक्टरणीनं मला इचारलं, खात्री हाय काय. मी हाय बोलली. खोटं बोलली."

बायकोच्या नजरेची बढाई मारून सावळारामला चार तास झाले नव्हते.

"मला ठावं हाय," भाग्यश्री म्हणाली.

"काय ठावं हाय?"

"तुमचे डोळे. तुमी तांदूळ निवडून ठेवला का मी मागच्या पडवीत परत निवडते. डाळ पन. भाजी परत धुते. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलली नाय."

ताराबाईला जमीन दुभंगावी असं वाटलं. इतके दिवस ती सुनेपासून लपवत होती, आणि सून तिच्यापासून. दोघी एकाच चुलीपाशी बसून एकमेकींना सांभाळत होत्या. "मंग मोहरी का नाय परत निवडलीस गो?" तिनं विचारलं, आणि त्या विचारण्यात राग होता.

"मोहरीला तुमी हात लावू दिला काय कधी?" भाग्यश्रीच्या आवाजातही आता राग होता, आणि रडूही. "डबा तुमच्या उशाशी असतो."

"डबा आण."

भाग्यश्रीनं उशाचा डबा आणला. फोडणीसाठी ठेवलेली मोहरी त्यात उरली होती. ताराबाईनं ती ताटात ओतली आणि मांडी घालून बसली. अजून एक आशा होती, अगदी चिमूटभर. काटा बाभळीचा असू शकत होता. तिनं अंगठा आणि बोट यांच्यात एकेक दाणा धरून फिरवायला सुरुवात केली. तिळवणीचा दाणा बारीक, मुडपलेला, अंगावर वळ्या. धोत्र्याचा गोल, मोठा, खरबरीत. इतके दिवस ती सगळं हातांनीच ओळखत होती आणि नेमकं इथं तिनं हातांचं ऐकलं नव्हतं.

"तिळवण," ती म्हणाली आणि दाणा डावीकडं ठेवला. "तिळवण." पुढच्या दाण्याला तिचं बोट अडलं. "धोत्रा." तो उजवीकडं गेला. "धोत्रा. तिळवण. धोत्रा. धोत्रा."

भाग्यश्रीनं फोनचा कॅमेरा मोठा करून उजवीकडच्या दाण्यांवर धरला. "जाळीसारखे खळगे हायत सगळ्यांवर," ती म्हणाली. "बरोबर बोलताय तुमी." उजवीकडचा ढीग वाढत चालला होता. यंदाचा भरलेला दाणा तो हाच होता. ताराबाईनं ताट दूर सारलं.

कुणाली इतका वेळ भिंतीला टेकून श्वास गोळा करत होती. आता ती बोलली, हळू, पण एकेक शब्द तोडून.

"मी आली तवा दारातच तू काय बोललीस आई? किती सुकलीस गो, बोललीस. माझं वजन केवढं वाढलं होतं. मी सगळ्यांना हसत सांगत सुटली, आईला मी कायम सुकलेलीच दिसते." ती दम घ्यायला थांबली. "तू मला बघितलंच नव्हतंस. आणि ताटात रोज लोणचं वाढलंस, सुकली म्हणून."

ताराबाई उठली, चाचपडत लेकीपाशी गेली आणि तिच्या हातावर हात ठेवला. कुणालीनं हात झटकला नाही, पण धरलाही नाही.

बारकूनं रिक्षा अशी हाणली की धसईच्या चौकात लोक ओरडले. डॉक्टरणीनं दाणे पाहिले, कुणालीची छाती पुन्हा ऐकली आणि पुढं एक शब्द वाया घालवला नाही. ॲम्ब्युलन्स बोलावून बापलेकींना ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. खर्डीची पोरंही तपासायला शहापूरला नेली. ॲम्ब्युलन्समध्ये कुणालीला ऑक्सिजन लावला होता, आणि ताराबाई तिच्या पायाशी बसून वाटभर यंत्राची टकटक ऐकत होती. कुणालीच्या अंगात दोन जीव होते आणि तिला एकाचाच श्वास ऐकू येत होता. दुसऱ्यासाठी तिनं आठवतील तेवढ्या देवांना हाक मारली, गावदेवीला तर दोनदा.

मेलं कुणी नाही. खर्डीच्या पोरांची सूज लोणचं बंद होताच उतरली. सावळाराम आठवड्यानं घरी आला. तो बायकोला काही बोलला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. कुणालीच्या छातीत पाणी झालं होतं. तिला बरेच दिवस ठेवून घेतलं, आणि सोडलं तेव्हा सकुबाई स्वतः गाडी घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिली.

"बाळंतपण आमच्याकडं होईल," ती म्हणाली. पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, ही रीत तिलाही ठाऊक होती. कुणालीनं आईकडं वळून पाहिलं की नाही, ते ताराबाईला कळलं नाही. गाडीचं दार लागल्याचा आवाज तेवढा आला.

आषाढात ताराबाईनं डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. कुणी आग्रह केला नव्हता. पट्टी सुटल्यावर तिला पहिल्यांदा दिसली ती भाग्यश्री, आणि तिच्या कानशिलावर पिकलेले केस. ही सून कधी पिकायला लागली, ते ताराबाईला ठाऊकच नव्हतं. घरी आल्यावर तिनं उशाचा रिकामा डबा घासून पुसून भाग्यश्रीच्या हातात दिला. श्रावणात तिळवण रस्त्याच्या कडेनं फुलली तेव्हा दोघी मिळून बघायला गेल्या. भाग्यश्रीनं एक पान चुरगाळून बोटं नाकाशी नेली आणि तोंड वाकडं केलं. "तीच ती," ताराबाई म्हणाली. "पन तू बोललीस तरच घ्यायची."

त्याच महिन्यात खर्डीहून फोन आला. सकुबाईचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, आणि कुणाली विचारते की आई कधी येणार.

खर्डीच्या त्या घरात बायकांनी खोली भरली होती. बाळ दुपट्यात गुंडाळून कुणाच्या तरी हातावर होतं. ताराबाई आत आली तशी सगळ्यांनी वाट करून दिली आणि कुणीतरी बाळ तिच्यापुढं धरलं. नात कुणावर गेली, नाक कुणाचं, रंग कुणाचा, हे आजीनं सांगायचं असतं. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

ताराबाईनं बाळाकडं पाहिलं नाही. ती सरळ खाटेपाशी गेली आणि खाली बसली. कुणाली खरंच सुकली होती. यावेळी ताराबाईला ते दिसत होतं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि वर आलेली गळ्याची हाडं, सगळं स्वच्छ. ती ते बोलली नाही.

"पाय पुढं कर," ती म्हणाली.

कुणालीनं पाय पुढं केला. बारीक, नेहमीचा, तिच्या लेकीचा पाय. सूज नाही हे समोर दिसत होतं. तरी ताराबाईनं घोट्यावर अंगठा टेकवला, दाबला आणि धरून ठेवला. मग उचलला. खड्डा पडला नाही.

"बघितलंस?" कुणालीनं विचारलं.

"बघितलं," ताराबाई म्हणाली, आणि रडत रडत तिनं बाळासाठी हात पुढं केले.